नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण: मुंबईकरांसाठी प्रवेशाआधीपासून लघुप्रबंधापर्यंत

मुंबईत नोकरी करत एम.ए. किंवा एम.कॉम.ला नाव घातलेले आणि पहिल्या वर्षातच गळालेले बरेच जण मी पाहिले आहेत. अभ्यास जड गेला म्हणून सोडणारे त्यांत फार थोडे. बाकीचे हजेरीत अडकले, प्रवासात दमले, किंवा सबमिशन आणि ऑफिसचं ऑडिट एकाच आठवड्यात आल्यावर हरले. यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी फॉर्म भरण्याआधी दिसू शकतात. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांवर मी जास्त वेळ घालवला आहे. पुढची दोन वर्षं कशी जातील, हे बरंचसं तिथेच ठरतं.

पायरी 1: आधी तास मोजा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात 2023-24 पासून आलेल्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 88 श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, म्हणजे एका सत्राला 22. वर्गात शिकवायच्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण 15 तास. सगळं वर्गातच शिकवायचं म्हटलं तर 22 श्रेयांकांचे 330 तास होतात आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला 22 तासांवर जातात. घरचा अभ्यास त्यात धरलेला नाही.

आता तुमची नोकरी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा असेल आणि वर्ग दिवसा भरत असतील, तर हा हिशेब जुळत नाही. मुंबई विद्यापीठात 75 टक्के हजेरीचा नियम आहे. ‘हजेरीचं काय ते नंतर बघू, सर ओळखीचे आहेत’ या भरवशावर कृपा करून प्रवेश घेऊ नका. सर बदलतात, विभागप्रमुख बदलतात आणि हॉल तिकीट अडकलं की कुणी जबाबदारी घेत नाही.

मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीत एक श्रेयांक 30 तासांच्या अभ्यासाचा धरतात, वाचन आणि स्वाध्याय धरून. तिथे वर्गात बसायची सक्ती कमी, पण काम कमी नाही. माझ्या मते नोकरदाराने आठवड्याला निदान दहा-बारा तास शांतपणे बसून अभ्यास होईल, एवढी सोय आधी करावी. एक कागद घ्या, सोमवार ते रविवार लिहा आणि हे तास नेमके कुठून येणार ते भरा. रकाने भरत नसतील तर एक वर्ष थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

पायरी 2: पद्धत निवडा आणि मान्यता तपासा

नोकरदारासमोर साधारण तीन वाटा असतात: संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा अर्धवेळ अभ्यासक्रम, दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन पदवी.

दूरस्थसाठी मुंबई विद्यापीठाची कलिना संकुलातली ‘आयडॉल’ आहे, आताचं तिचं नाव दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र. 1971 पासून ती नोकरदार, गृहिणी, पोलीस, रेल्वे कर्मचारी अशा सगळ्यांना पदव्या मिळवून देते आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चं आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 चं. दोन्हींची अभ्यासकेंद्रं मुंबई परिसरात आहेत. संध्याकाळी शिकवणाऱ्या अर्धवेळ अभ्यासक्रमांची परंपराही या शहरात जुनी आहे, विशेषतः व्यवस्थापनात. मात्र यंदा नेमकं काय चालू आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. मागच्या बॅचच्या मित्राने सांगितलेली वेळ धरून चालू नका.

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाला त्या वर्षीची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तपासा. 2024-25 पासून अशा प्रवेशासाठी ‘डेब आयडी’, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी क्रमांक, काढावा लागतो. तो तुमचा तुम्हीच काढा, एजंटाला ओटीपी देऊ नका. सोबत ‘एबीसी आयडी’ही (मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) डिजिलॉकरमधून काढून ठेवा आणि त्यावरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींची इथे हमखास अडचण होते. ती जूनमध्येच सोडवा, परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नाही.

यूजीसीने मान्य केलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, विधी असे अभ्यासक्रम मात्र या पद्धतीने करता येत नाहीत, आणि पीएच.डी.ही नाही. कुणी ‘घरबसल्या पीएच.डी.’ विकत असेल तर तिथून उठा.

2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा आहे. नोकरी करणाऱ्याने ती वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

पायरी 3: वर्ग कुठे भरतो ते नकाशावर बघा

कॉलेजचं नाव आणि कॉलेजचं ठिकाण यांत निवड करायची वेळ आली, तर मुंबईत मी ठिकाणाला झुकतं माप देईन. दोन्ही बऱ्या संस्था असतील तर घर आणि ऑफिस यांच्या रस्त्यावर असलेली निवडा.

समजा, तुम्ही डोंबिवलीला राहता आणि ऑफिस लोअर परळला आहे. संध्याकाळचा वर्ग दादर-माटुंग्याला असेल तर तो परतीच्या वाटेवर आहे: उतरायचं, दोन तास बसायचं, पुन्हा गाडी पकडायची. गर्दीही तोवर थोडी ओसरलेली असते. तोच वर्ग अंधेरीला असेल तर आधी पश्चिम रेल्वेने दादरच्या पुढे जायचं, मग दादरला परत येऊन कल्याण गाडी धरायची. एखाद्या दिवशी हे जमतं. आठवड्यातून तीन दिवस, तेही पावसाळ्यात, जमत नाही.

कलिना संकुल सांताक्रूझ आणि कुर्ला दोन्हीकडून जवळ दिसतं, पण संध्याकाळी कुर्ल्याहून बस किंवा रिक्षा मिळून तिथे पोचायला किती वेळ लागतो, ते प्रवेशाआधी एकदा स्वतः जाऊन बघा. वर्ग ज्या वारी ज्या वेळी असेल त्याच वारी, त्याच वेळी जा. दुपारी बारा वाजता जाऊन काही कळणार नाही.

रविवारच्या संपर्क वर्गांना जाणाऱ्यांनी मेगाब्लॉक ही कायमची गोष्ट धरून चालावी. मध्य आणि हार्बर मार्गावर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चार-साडेचारपर्यंत चालतो. सकाळी लवकर पोचणं सोपं असतं, अडकायला होतं ते परतताना. त्या दिवशी वर्ग संपल्यावर धडपडत घरी जाण्यापेक्षा तिथल्याच ग्रंथालयात किंवा वाचनकक्षात ब्लॉक संपेपर्यंत बसा. आठवड्यातले दोन-तीन तास तिथेच निघतात.

पायरी 4: ऑफिसात सांगा, लेखी सांगा

ऑफिसमध्ये लपवून शिकणारे पुष्कळ असतात. ‘हा आता नोकरी सोडणार’ असं साहेबांना वाटेल, ही भीती असते. ती अगदीच खोटी नाही. तरीही परीक्षेच्या आठवड्यात आई आजारी असल्याची थाप मारून रजा काढण्यापेक्षा आधी सांगणं बरं. दोन वर्षांत चार सत्रं आहेत, आणि चारही वेळा तीच थाप चालत नाही.

सांगताना तीन गोष्टी असाव्यात: काय शिकताय, कामावर परिणाम कधी होईल आणि त्याची सोय तुम्ही काय केली आहे. मेल साधा असू द्या:

‘मॅडम, मी या वर्षी दूरस्थ पद्धतीने एम.कॉम.ला प्रवेश घेतला आहे. रोजच्या वेळेत काही बदल होणार नाही. वर्षातून दोनदा परीक्षेसाठी रजा लागेल. वेळापत्रक आलं की लगेच कळवेन. त्या काळातलं माझं महिनाअखेरीचं काम आधी पूर्ण करून ठेवेन आणि रोजच्या एन्ट्रींबद्दल शेजारच्या टीमशी बोलून ठेवलं आहे.’

सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांनी विभागाची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी. ती नसेल तर पुढे पदवी सेवापुस्तकात नोंदवताना त्रास होतो. कंपनी फी भरणार असेल तर बॉण्ड नीट वाचा: किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, नापास झालात तर पैसे परत द्यायचे का, आणि कंपनीने स्वतःच काढून टाकलं तर काय. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच.

पायरी 5: घरात कामं वाटून घ्या

‘माझ्या शिक्षणाला घरच्यांचा पाठिंबा आहे’ एवढं पुरत नाही. पाठिंबा म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी भाजी कोण करणार, सकाळचा डबा कोण भरणार, मुलाला क्लासहून कोण आणणार, हे नावानिशी ठरलेलं असणं. बायकांच्या बाबतीत हे बोलणं टाळलं जातं आणि मग दोन्ही पाळ्या सांभाळून रात्री अकराला पुस्तक उघडायची वेळ येते. अशाने सत्र निघत नाही. नवऱ्याशी, सासूबाईंशी, आईशी प्रवेशाआधी बसून बोला. परीक्षेच्या महिन्यात घरी पाहुणे नकोत, हेही त्याच वेळी सांगा. लग्नसराई आणि परीक्षा दोन्ही मेमध्ये येतात. कोणत्या लग्नाला जायचं आणि कुठे फक्त आहेर पाठवायचा, हे आधीच ठरलेलं बरं.

जागेचा प्रश्न खरा आहे. वन रूम किचनमध्ये टीव्ही, कुकर आणि अभ्यास एकत्र चालत नाही. पहाटे उठता येत असेल तर ती वेळ सगळ्यांत चांगली, पण पाणी सोडायची वेळ बघूनच गजर लावा, नाहीतर पुस्तक उघडायचं आणि पिंप भरायचं एकदमच येतं. नाहीतर अभ्यासिका शोधा. मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत मंडळांच्या, ट्रस्टच्या, महापालिकेच्या अभ्यासिका आहेत. फी थोडी असते आणि काही रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. फोर्टमध्ये नोकरी असेल तर काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी चालत जाण्याइतकी जवळ आहेत. दादरला 1898 मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाणेकरांसाठी 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय. मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्यांना तिथे जे मिळतं ते इंटरनेटवर मिळत नाही.

पायरी 6: आठवडा बसवा

नव्या विद्यार्थ्याची पहिली योजना अशी असते: रोज रात्री दोन तास. ती सहसा पंधरा दिवसही टिकत नाही. ऑफिस आणि गाडीची गर्दी यांनंतर डोकं नवीन मजकूर घेत नाही. त्याऐवजी मी अशी मांडणी सुचवेन: आठवड्यातल्या चार दिवशी सकाळी सव्वा तास, म्हणजे पाच तास. शनिवारी अडीच. रविवारी सकाळी चार, सलग. झाले साडेअकरा. रात्री अभ्यास नाही, फक्त झोप. रविवारची दुपार घरच्यांची आणि एक सकाळ पूर्ण मोकळी, कारण आजारपण, पाहुणे आणि उशिरा आलेलं ऑफिसचं काम यांना कुठेतरी जागा लागते.

यात लोकलचा वेळ धरलेला नाही. बरेच जण ‘रोज तीन तास गाडीत जातात, तिथेच अभ्यास करीन’ म्हणून प्रवेश घेतात. बसायला मिळणार असेल, म्हणजे तुम्ही गाडी सुटते तिथून चढत असाल, तर थोडं वाचता येतं. मधल्या स्टेशनांवरून चढणाऱ्याला एक हात कडीला आणि दुसरा बॅगेला लागतो. म्हणून गाडीत पहिलं वाचन ठेवू नका. झालेल्या गोष्टीची उजळणी ठेवा. सकाळी वाचलेल्या प्रकरणाचे मुद्दे स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि परतताना ऐका. व्याख्या, सूत्रं, सनावळ्या यांच्या एका पानाच्या नोटचा फोटो काढून ठेवा. वाचायच्या फायली घरीच डाउनलोड करा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि काही दिवस गाडीत फक्त डोळे मिटून उभं राहावंसं वाटेल. तसं राहा.

पायरी 7: वाचायची आणि लिहायची सवय परत आणा

पाच-सात वर्षांनी अभ्यासाकडे वळलेल्याला पहिला धक्का वाचनाचा बसतो. पदवीला गाईडवर निभावलेलं असतं. इथे मूळ लेख वाचायचे असतात, बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याने खचू नये. आधी लेखाचा सारांश, मग प्रस्तावना, मग थेट शेवटचा भाग वाचा, आणि नंतर मधला. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, लेखक काय म्हणतो ते पाच-सहा ओळी मराठीत लिहा. लिहिता येत नसेल तर तो लेख अजून समजलेला नाही. तुमच्या विषयाची उत्तरपत्रिका मराठीत लिहायची सोय आहे का, तेही विभागात विचारा. अनेक कला विषयांत ती असते.

दुसरा धक्का हाताला बसतो. रोज कीबोर्डवर काम करणाऱ्याला सलग दोन-तीन तास पेनने लिहिणं जमत नाही, बोटं आखडतात. परीक्षेच्या दीड महिना आधीपासून दर रविवारी जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक मोठा प्रश्न घड्याळ लावून हाताने लिहा.

वाचायला फुकट बरंच आहे. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठाने मान्य केलं तर एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करून श्रेयांक मिळवता येतात. आवडला म्हणून आधी कोर्स करून टाकू नका. विभागाची मान्यता आधी लेखी घ्या.

पायरी 8: वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

मुंबईचं वर्ष अभ्यासाच्या वर्षाशी जागोजागी आपटतं. पहिलं सत्र पावसात सुरू होतं, सबमिशनच्या सुमारास गणपती येतात, आणि कोकणात जाणाऱ्यांचा सगळा आठवडा तिथेच जातो. अंतर्गत गुणांचं काम गणपतीआधी संपवायचं, अशी सक्ती स्वतःवर घाला. हिवाळी परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे असते. उन्हाळी सत्रात बँक, सीए फर्म, अकाउंट्स आणि विक्रीवाल्यांचा मार्च एंड प्रकल्पाच्या कामावर येऊन पडतो. त्यांनी मार्चमध्ये अभ्यास शून्य धरावा आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो भरून काढावा.

परीक्षेच्या दिवशी अर्धी रजा घेऊ नका, पूर्ण घ्या. केंद्र कुठे आहे ते आधी बघून या. पावसाळी दिवस असेल तर नेहमीच्या गाडीच्या दोन गाड्या आधी निघा आणि हॉल तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. समुद्राला मोठी भरती असलेल्या दिवशी मुसळधार पावसाचा इशारा असेल आणि केंद्राजवळ मावशी-आत्या राहत असेल, तर आदल्या रात्रीच तिच्याकडे मुक्कामाला जा.

पायरी 9: पैसे

फीव्यतिरिक्त परीक्षा शुल्क, झेरॉक्स, प्रकल्पाची छपाई, पासाचा वाढीव खर्च आणि बुडणारा ओव्हरटाइम धरा. हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोठा असतो आणि तोच कुणी धरत नाही. डॉ. आंबेडकर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे बाजूला टाकले आणि 1920 मध्ये लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत गेले. मित्राचं आणि शाहू महाराजांचंही साहाय्य त्यांना होतं. आधी साठवून मग शिकण्यात काहीही गैर नाही.

शैक्षणिक कर्ज घेतलंत तर त्याच्या व्याजावर 8 वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, पण जुनी करपद्धत निवडली असेल तरच. स्वतःच्या ट्यूशन फीवर वजावट मिळत नाही. ती मुलांच्या फीसाठी असते.

पायरी 10: लघुप्रबंधाचा विषय नोकरीजवळचा घ्या

नव्या आराखड्यात संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, म्हणजे लघुप्रबंध, येतो. ट्रेनिंगचे 4 श्रेयांक म्हणजे 120 तास. तुमची सध्याची नोकरी विषयाशी संबंधित असेल तर ती यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात विचारा. हो म्हणाले तर मोठा भार उतरतो. नाही म्हणाले तर शनिवार मोकळे ठेवायला वेळ हाताशी असतो.

संशोधनाचा विषय तुमच्या कामाच्या परिसरातला असेल तर माणसं, भाषा आणि प्रश्न ओळखीचे असतात. पतसंस्थेत काम करणारी मुलगी कर्जाच्या थकबाकीवर लिहू शकते, रुग्णालयातला समाजसेवक रुग्णांच्या नातेवाइकांच्या राहण्याच्या सोयीवर. सकाळी सव्वा तास बसणाऱ्याला ओळखीचा विषय फार उपयोगी पडतो. मात्र ऑफिसची माहिती परवानगीशिवाय एक ओळही वापरू नका. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, नावं कशी झाकणार, हे लिहून साहेबांची सही घ्या. ग्राहकांची माहिती पेनड्राइव्हवर घरी नेणं हा नोकरी जाण्याचा प्रकार आहे. सहकाऱ्यांच्या मुलाखती घेत असाल तर ते तुमच्या हाताखालचे नसावेत. हाताखालचा माणूस खरं बोलत नाही.

मार्गदर्शकांना भेटायला दर वेळी रजा मिळणार नाही. महिन्यातून एक ठरलेली भेट मागा आणि दोन दिवस आधी चार पानं पाठवा. नुसतं ‘काम चालू आहे’ सांगायला जाऊ नका. उताऱ्यांना संदर्भ लिहिताना त्याच दिवशी पान क्रमांक टिपा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे पायऱ्या चढत जातात.

पीएच.डी.चं थोडक्यात: 2022 च्या नियमांनुसार ती अर्धवेळ करता येते. मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यात संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक देऊ, असं लिहिलेलं असावं लागतं. कालावधी किमान 3 आणि साधारण कमाल 6 वर्षं. ते पत्र मिळत नसेल तर मार्गदर्शक शोधायला सुरुवात करू नका, आधी ऑफिसात बोला.

एखादा विषय राहिला तर पुढच्या सत्रात सगळे विषय अधिक केटी असं ओझं घेण्याआधी, पदवी पूर्ण करायला एकूण किती वर्षांची मुदत आहे ते पाहा. मुदत असेल तर एक सत्र फक्त केटीचं ठेवा. निकाल पूर्ण लागला की गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि पदवीदानाचा अर्ज लगेच मार्गी लावा आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या एचआरकडे किंवा आस्थापना शाखेकडे प्रत देऊन पोच घ्या.